रविवारची सांगणी

सोपान शिळीमकरांचा आवाज बसला आणि तिथून सगळं बिघडत गेलं. तसं पाहिलं तर साधी सर्दी. तीन दिवस मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफारे झाले, मंदाबाईंनी गळ्याला ओव्याची पुरचुंडीही बांधली, तरी घशातून नुसती हवा येई. एरवी कुणी फिकीर केली नसती. उलट "बरं झालं, चार दिवस घरात शांतता," असं मंदाबाई शेजारी सांगूनही आल्या होत्या. पण रविवारी सकाळी नऊ वाजता घरातल्या कुणीतरी सांगणी करायची असे, आणि कुरुंजवाडीच्या या घरात ते काम गेली अडीच वर्षं सोपानरावांकडे होतं.

सांगणी कशासाठी, हे कळायचं तर थोडं मागं जावं लागेल.

चक्राचा कायदा आला त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तो का आला, हे आता शाळेतली पोरंही घडाघडा म्हणतात. खाणी तळाला लागल्या, बाहेरच्या देशांनी धातू देणं बंद केलं, आणि शहरांबाहेरचे कचऱ्याचे डोंगर उन्हाळाभर धुमसत राहिले. मग देशानं ठरवलं, की जमिनीतून जे एकदा वर काढलं ते पुन्हा वाया जाऊ द्यायचं नाही. पंखा, चष्मा, चप्पल, गाडी, काहीच विकत मिळेना. वापरायला मिळे, आणि काम झालं की चक्र मंडळाकडे परत जाई. प्रत्येक वस्तूच्या अंगात एक खूण घातलेली असे. डोळ्याला न दिसणारा काचेचा कण, आणि त्याच्या पोटात कृत्रिम डीएनएचा तुकडा. वस्तू कशाची, कुठं बनली, कितव्यांदा फिरते आहे, ते सगळं त्या तुकड्यावर. वस्तू ठेचा, दळा, आम्लात बुडवा, खूण पुसली जात नसे. मग कारखान्यात, जिवाणूंपासून मिळवलेली प्रथिनं त्या लगद्यातून एकेका धातूचे अणू वेचून काढत, आपण तांदळातले खडे वेचतो तसे.

सोपानरावांना हा कायदा मनापासून पटला होता. छत्तीस वर्षं एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. वाकडा खिळा दिसला की ठोकून सरळ करायचा, गंजलेला नट रॉकेलात भिजत घालायचा, ही त्यांची जन्माची खोड. "सरकारला अक्कल यायला लई उशीर लागला, यवढंच," असं ते म्हणत आणि मंदाबाईंनी माळ्यावर जपलेल्या रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवत.

चार वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. जुन्या पद्धतीत एका वेळेला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी गटारात जाई, आणि देशाला ते परवडणारं नव्हतं. म्हणून घरी बसवायचं लहान यंत्र आलं आणि त्यात घालायची गाळणी आली. सहा लिटर पाणी तेच ते फिरत राही. गाळणीतलं एक विकर रक्तातून उतरलेला युरिया फोडी, आणि झिर्कोनियमची भुकटी उरलेलं विष धरून ठेवी. एका वापरात भुकटी भरून जाई. मग गाळणी कारखान्यात परत, तिथं धुऊन दुसऱ्या कुणाच्या घरी. झिर्कोनियम मोजकंच होतं, म्हणून हिशेबही घट्ट होता. एका रुग्णामागे नऊ गाळण्या. घरात तीन, वाटेत तीन, धुण्यात तीन. दहावी देशात कुठंही नव्हती.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट खुणेला कळत नसे. वस्तू कुठं आहे ते खूण सांगे, पण ती वापरून झाली की तशीच पडून आहे, हे सांगायला माणूसच लागे. म्हणून सांगणी. दर रविवारी मंडळानं भिंतीवर बसवलेल्या बोलक्या डबीसमोर उभं राहायचं आणि घरात काय आहे, काय वापरलं, काय मोडलं, ते आपल्या भाषेत बोलायचं. फॉर्म नाही, बटणं नाहीत. अर्धा देश फॉर्मांना घाबरतो, हे मंडळाला ठाऊक होतं आणि बोलीतली सांगणी हा मंडळाच्या अभिमानाचा विषय होता. बोललेला शब्द मात्र सहीसारखा धरला जाई. खोटं बोलून साठा लपवला तर गुन्हा होता.

तर त्या रविवारी सोपानरावांनी खुणेनं मंदाबाईंना डबीपुढं उभं केलं.

मंदाबाईंनी आधी पदर सारखा केला. भांडी, पंखा, बॅटरी, सगळं नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं होतं, की ते त्यांनी धडाधड सांगून टाकलं. मग गाळण्यांची वेळ आली. कपाटात तिन्ही गाळण्या वापरून ठेवलेल्या होत्या. सोपानराव दर रविवारी म्हणत, "गाळण्या संपल्या, तीन द्या." मंदाबाईंची जीभ त्या शब्दाशी अडली. घरातले तांदूळ, तेल, कुंकू यांना कधी 'संपलं' म्हणायचं नसतं. 'वाढलं' म्हणायचं. त्यांची आई तसंच म्हणायची, सासूही तसंच म्हणायची. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणतात. आणि या गाळण्या तर नवऱ्याच्या जिवाच्या. त्या संपल्या असं सौभाग्यवती बाईनं आपल्या तोंडानं कसं म्हणावं?

"गाळण्या वाढल्या," त्या म्हणाल्या. "तिन्ही वाढल्या."

"गाळण्या वाढल्या. नोंद झाली. धन्यवाद," डबी गोड आवाजात म्हणाली.

मंदाबाई खूश झाल्या. संध्याकाळी पुण्याहून मोनालीचा, त्यांच्या एकुलत्या लेकीचा, फोन आला तेव्हा त्यांनी आवर्जून सांगितलं, "आज सांगणी मी केली गं. तुमचं यंत्र लई रीतीचं हाय. माणसासारखं बोलतंय."

"आम्हीच शिकवलंय त्याला," मोनाली हसत म्हणाली. ती चक्र मंडळाच्या पुणे कचेरीत मराठी विभागात होती. लेक सरकारात आहे आणि यंत्राला मराठी शिकवते, हे मंदाबाई बाजारात अनोळखी माणसालाही सांगत.

सोमवारी सकाळी गाडी आली नाही. दुपारी आली, पण तिच्यात गाळण्या नव्हत्या. ड्रायव्हरनं कपाटातल्या तिन्ही गाळण्या उचलल्या, खूण वाचली आणि गाडीत ठेवल्या.

"आन् नव्या?" मंदाबाईंनी विचारलं.

"मला उचलायचंच सांगितलंय, मावशी. जादाच्या गाळण्या परत, असं लिहिलंय."

"जादाच्या कशा? अरे, वापरल्यात त्या."

"मी काय उघडून बघत न्हाय. तुम्ही फोन लावा तिकडं," असं म्हणून तो पुढच्या गावाला गेला.

मंदाबाईंनी फोन लावला. तिकडंही तीच डबी बोलत होती. "अहो, वाढल्यात सगळ्या, म्हनून तर फोन केला!" त्या कळवळून म्हणाल्या. "गाळण्या वाढल्याची नोंद आहे. प्रामाणिक सांगणीबद्दल धन्यवाद," डबी म्हणाली. तीन वेळा हेच झालं. सोपानरावांनी खुणेनं फोन मागून घेतला, पण त्यांच्या घशातून आवाजच निघेना आणि डबीनं 'काही ऐकू आलं नाही' म्हणून फोन ठेवला.

मंगळवारी मंदाबाई खोऱ्यातल्या आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या नर्सबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या पुढ्यात पडदा होता आणि पडद्यावर मंदाबाईंच्या नावानं जादा साठा दिसत होता.

"काकू, तुमच्याच आवाजात सांगणी आहे. आता ती बदलायची तर पुढचा रविवार."

"पोरी, कपाट रिकामं हाय. चल, दावते तुला."

"सगळे असंच म्हणतात हो," नर्सबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "गेल्या महिन्यात पलीकडच्या वाडीत एकाच्या माळ्यावर चार सापडल्या. उगाच अडकाल. घरी असतील तर काढा आणि वापरा."

मंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा चोर ठरल्या होत्या. त्या घरी आल्या आणि हे त्यांनी नवऱ्याला सांगितलंच नाही. मोनालीला फोन करू का, असं विचारलं तेव्हा सोपानरावांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'येवढा मोठा कारभार. एक दिवस इकडे तिकडे होणार. पोरीला नोकरीत त्रास नको.' छत्तीस वर्षं ज्यानं एसटीची गाडी उशिरा का होईना, येतेच, असं धरून काढली, त्याला हे खरंच वाटत असणार.

बुधवारी त्यांचे पाय सुजले. रात्री आडवं होता येईना, बसूनच राहावं लागलं. गुरुवारी उजाडता उजाडता मंदाबाईंनी त्यांचं न ऐकता लेकीला फोन लावला.

मोनाली कचेरीची गाडी घेऊन साडेआठला पोचली. दारातून तिनं वडिलांकडे पाहिलं. चेहरा मातकट झालेला, ओठ कोरडे, श्वास वरच्या वर. शेवटचं डायलिसिस शुक्रवारी झालेलं. म्हणजे सहा दिवस. रक्तात पोटॅशियम किती चढलं असेल, याचा अंदाज तिला होता. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदय सांगून सवरून थांबत नाही.

"आई, सांगणीत काय बोललीस तू?"

"तुझे आण्णा सांगत्यात तेच की. तिन्ही वापरल्या म्हनून."

मोनालीनं फोनवर मंडळाचं पान उघडलं. तिच्या हुद्द्याला नोंदी ऐकायची मुभा होती. कानात ऐकायची गोळी घालून ती ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि तिनं रविवारची सांगणी लावली. भांडी, पंखा, बॅटरी. मग आईचा तो सांभाळून बोललेला आवाज. गाळण्या वाढल्या. तिन्ही वाढल्या.

तिनं ते पुन्हा ऐकलं नाही. एकदा पुरे होतं.

तीन वर्षांपूर्वी मराठीची शब्दयादी पक्की करायची बैठक झाली होती. यंत्राचा नियम एका ओळीचा होता, एका शब्दाला एकच स्थिती. जिथं शब्द दोन्हीकडे झुके तिथं यंत्रानं उलट प्रश्न विचारायचा, अशी सोय होती, पण प्रत्येक उलट प्रश्नाला वेळ लागे, आणि कोट्यवधी घरांचं एका सकाळी ऐकायचं तर असे शब्द साठपेक्षा जास्त नकोत, असा वरून आदेश होता. मोनालीच्या यादीत तीनशे अकरा होते. कापत कापत ती 'वाढणे'पाशी आली. वाढणे म्हणजे मोठं होणे, वाढणे म्हणजे पानात घालणे, आणि तिसरा अर्थ, संपणे. वरिष्ठ नटराजन मदुराईचे, चांगले हुशार आणि सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, "संपलं की तुमच्याकडे वाढलं म्हणतात? मग वाढलं की काय म्हणतात?" खोलीत सगळेच हसले. मोनालीचे कान गरम झाले. कुरुंजवाडीतून पुण्याच्या कॉलेजात आल्यावर पहिल्या वर्षातच तिनं 'हाय' आणि 'न्हाय' टाकून दिले होते. आणि आता तिच्या घरची भाषा त्या टेबलावर एखाद्या अजागळ पाहुण्यासारखी उभी राहिली होती. "जुन्या बायकांचं खूळ आहे, सर," ती म्हणाली. "आता कोण बोलतं असं!" आणि तिनं शब्दावर रेघ मारली.

"काय गं, काय बोलतंय ते?" आईनं मागून विचारलं.

"काही नाही. तांत्रिक घोळ आहे," मोनाली म्हणाली.

पुढचा तासभर तिनं फोनवर आकाशपाताळ एक केलं. अपवादाचा अर्ज केला, त्याला चोवीस तास होते. नटराजनना लावला, त्यांनी मनापासून हळहळत सांगितलं, की अर्ज पुढं सरकवतो, पण गाळणी आणू कुठून, देशात मोकळी एकही नाही. ते खरंच होतं. सोपानरावांच्या वाट्याच्या नव्या तीन गाळण्या कुठं गेल्या ते पडद्यावर दिसत होतं. जुन्नरजवळच्या एका घरी. तिनं तिथं फोन लावला. एका बाईनं उचलला.

"व्हय, आल्या की सोमवारी," ती बाई म्हणाली. "आमच्या ह्यांची तब्येत लई उतरलीया, डॉक्टर म्हनले जास्तीच्या लागतील. आम्ही अर्ज टाकून वाट बघत होतो. देवच पावला बघा. दोन वापरल्या, एक हाय."

ती एक गाळणी मागून घेतली असती तरी उपयोग नव्हता. खूण त्या घरच्या यंत्राशी जोडली गेली होती आणि दुसऱ्या यंत्रानं ती घेतलीच नसती. "काळजी घ्या," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

तालुक्याच्या गावातली, भरपूर पाण्यावर चालणारी डायलिसिसची जुनी यंत्रं दोन वर्षांपूर्वीच वितळवायला गेली होती. पुण्यात निकडीसाठी म्हणून चार राखून ठेवलेली होती. तिनं वडिलांना गाडीत मागं बसवलं, शेजारी आई. वाटेत सोपानरावांनी पाटी मागितली. 'इंजिन गरम होतंय,' त्यांनी लिहिलं. गाडी विजेची होती आणि तिला इंजिन नव्हतं. मोनालीला वाटलं, आण्णा चेष्टा करतायत, म्हणून ती आरशात बघून हसली. ते चेष्टा करत नव्हते. कापूरहोळच्या अलीकडे पाटी त्यांच्या मांडीवरून खाली पडली. मंदाबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि परत त्यांच्या हातात द्यायला गेल्या. तेव्हा त्यांना कळलं.

गावातल्या बायका जमल्या. रीतीप्रमाणे मंदाबाईंच्या बांगड्या वाढवल्या. मोनाली ओसरीवर होती, तिनं आतून तो शब्द ऐकला आणि ती उठून गोठ्याच्या मागं गेली.

तेरावा झाला आणि ती पुण्याला परतली. टेबलावर प्रकरण क्रमांकाची फाइल येऊन पडली होती. मृत्यू झाला की कारण लिहावं लागे, आणि ज्या विभागाची भाषा त्या विभागानंच ते लिहायचं. फॉर्मवर दोनच चौकोन होते. एक, यादीतील दोष. दुसरा, वापरकर्त्याची भाषिक चूक. पहिल्यावर खूण केली तर यादी कुणी पक्की केली त्याचं नाव लिहावं लागे. नटराजन जाता जाता म्हणाले, "वडील तुमचे होते, मी आग्रह करणार नाही. पण जे यादीत नाही ते बोलणं, याला नियमात चूकच म्हणतात." त्यात त्यांचा कावा नव्हता, नियम तसाच होता. मोनाली अर्धा तास फॉर्मकडे बघत बसली. नोकरी गेली तर आईला कोण बघणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणूस अशा वेळी स्वतःला काहीही सांगतो. तिनं दुसऱ्या चौकोनावर खूण केली.

मंडळाचं कामकाज पारदर्शक होतं. कारणाची एक प्रत घरी जाते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

बारा दिवसांनी चुलतीचा फोन आला. "मोने, तुझी आई बोलना झालीया गं. कसलातरी कागद आला, तो तिनं तीनदा वाचला, आन् तवापासनं तोंडातनं शबुद न्हाय. मला हाक मारायची तर टाळी वाजवती. डबीवर तर फडकंच टाकलंय."

"कागदावर काय होतं, काकू?"

"वापरकर्त्याची भाषिक चूक, आसं. म्हंजी काय गं?"

मोनालीनं त्या दिवशी दुपारीच नवा फॉर्म भरला. पहिल्या चौकोनावर खूण केली, आपलं नाव लिहिलं, आणि आधीचा फॉर्मही आपणच खोटा भरला होता हेही लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. सोमवारी चौकशी, हजर राहावे. मधला रविवार तिच्या हातात होता.

ती घरी पोचली तेव्हा मंदाबाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. लेक आलेली बघून त्या थोड्या सरकल्या आणि बाजूला जागा केली. कपाळ मोकळं होतं. मोनाली बसली आणि तिनंही मूठभर वाल घेतले.

"आई, चूक तुझी न्हाय," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडात तो शब्द आला होता. "तू बरोबर बोललीस. यंत्राला तो शब्द मी शिकवला न्हाय."

मंदाबाईंचे हात चालत राहिले. मोनालीनं सगळं सांगितलं. यादी, साठ शब्द, बैठक, साहेबांचा प्रश्न, आपण मारलेली रेघ. कागदावरचं ते वाक्यही आपलंच, हेही सांगितलं. आपण ते नोकरी टिकवायला लिहिलं, आणि आता ती टिकणार नाही, हेही. बोलताना तिला रडू येत होतं आणि रडताना बरंही वाटत होतं. आईच्या जिवावरचा धोंडा आता उतरणार, आई दोन शिव्या देईल, कदाचित हात उगारेल, मग जवळ घेईल. त्या तिघांच्या घरात आजवरची सगळी भांडणं अशीच मिटली होती.

मग मंदाबाई बोलल्या. इतके दिवस न वापरलेला आवाज खरखरत होता.

"हसले व्हते?"

"कोण?"

"त्या बैठकीतले. माझ्या बोलन्याला."

"तुझ्या न्हाय गं, त्या शब्दाला."

"हसले का न्हाय?"

"हसले."

"आन् तू?"

मोनालीनं खाली बघितलं. खोटं बोलायला ही शेवटची जागा होती आणि आईची नजर तिच्यावर होती.

"मी पन," ती म्हणाली.

मंदाबाईंनी मान हलवली, जणू कुणी वाट विचारली आणि त्यांनी ती सांगितली. मांडीवरची सालं झटकली, उठल्या आणि आत गेल्या. आतून ताटाचा आवाज आला. मोनालीला धीर आला. राग असता तर ताट मांडलं नसतं.

"हात धुऊन घ्या," आतून आवाज आला. "भाकरी गरम आहे."

कुणी पाहुणा मागच्या दारानं आला की काय, म्हणून मोनालीनं डोकावून पाहिलं. आत आई एकटीच होती. एकच पाट मांडलेला होता.

"आई, असं काय बोलतेस?"

"बसा," मंदाबाई म्हणाल्या. शाळेत सातवीपर्यंत वाचलेलं सगळं पुस्तक आठवून त्या एकेक शब्द जागेवर ठेवत होत्या. "आमटी तिखट आहे. पाणी जवळ घ्या."

"आई, मला शिव्या दे. मार. पन हे नको."

"मी नीट बोलत आहे. तुम्हाला कळेल असं बोलत आहे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मोनालीनं त्याला धरून काहीतरी उलट म्हटलं असतं, भांडण काढलं असतं. आई खरोखरच लक्ष देऊन, चुकू नये म्हणून थांबून थांबून बोलत होती, साहेबाच्या कचेरीत उभ्या राहिलेल्या बाईसारखी. मोनाली जेवली. ताटात टाकायची हिंमत झाली नाही. आईनं दोनदा विचारलं, "अजून हवं आहे का?" आणि दोन्ही वेळा तिनं मानेनंच नको म्हटलं.

दुपार कलली तशी तिनं पिशवी उचलली. पुण्याची शेवटची बस पाचची होती. ती आईच्या पाया पडली. मंदाबाईंनी डोक्यावर हात ठेवला. मोनालीनं चप्पल घातली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि लहानपणापासून या दारात म्हणत आली तेच म्हणाली.

"येते मी, आई."

ती उत्तरासाठी थांबली. मंदाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, घसा साफ केला आणि स्पष्ट, सावकाश आवाजात म्हणाल्या,

"जा."